आठवीच्या वर्गातलं बाशिंग

सर मला पहिल्यांदा भेटले तेव्हा नमस्कार-चमत्कार काही न करता माझ्या खांद्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, पदराची पिन उघडी आहे. टोचेल." मी जव्हारहून जीपने आले होते. ट्रंक आणि गादी उतरवून आश्रमशाळेच्या पायरीवर नुकती टेकले होते. मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका म्हणून माझा तो पहिला दिवस. एवढ्या लांबून आलेल्या बाईला माणूस आधी पाणी विचारतो. हे गृहस्थ पिनेचं सांगत होते. मी पिन लावली आणि मनाशी म्हटलं, या माणसापासून चार हात लांब राहायचं. पुढे कितीतरी वर्षं आम्ही एकाच आवारात काढली, आणि ते चार हात काही मला राखता आले नाहीत.

ते इंग्रजी शिकवायचे. मूळचे घाटावरचे, सातारा बाजूचे. एकटे राहायचे. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर "राहून गेलं" एवढंच म्हणायचे, जसं काही बाजारातून मीठ आणायचं राहून गेलं होतं. मोखाडा तालुक्यातल्या आमच्या त्या शाळेत एप्रिलच्या उन्हात बाकीचे शिक्षक खांद्यावर ओला पंचा टाकून वर्गावर जात. सर कोट घालून जात. कोट एकच, राखाडी रंगाचा. त्याला ते तांब्यात निखारे भरून इस्त्री करत. शाळेत विजेची इस्त्री आली तरी त्यांनी तांब्या सोडला नाही. विजेचा भरवसा नाही, निखाऱ्यांचा आहे, असं त्यांचं म्हणणं. मोखाड्याच्या आठवडे बाजाराला जाताना शेअर जीपमध्ये ते तोच कोट उलटा करून घालत, अस्तर बाहेर. धूळ अस्तराने खावी, कापडाने नाही. जीपवाल्यांना सवय होती, पण नवीन उतारू दचकून सरकून बसे. त्यामुळे सरांना जागा ऐसपैस मिळायची.

वाकडी टांगलेली वस्तू त्यांना सहन होत नसे. कुणाच्या घरी चहाला गेले की आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करत, मग बसत. एकदा कसल्याशा दाखल्यासाठी आम्ही दोघं तालुक्याच्या एका कचेरीत गेलो होतो. तिथल्या भिंतीवरची एक तसबीर एका बाजूला झुकलेली होती. सर खुर्चीवर चढले आणि ती सरळ करू लागले. शिपाई धावत आला, "ओ काका, उतरा खाली!" सर उतरले, दोन पावलं मागे गेले, डोळे बारीक करून बघितलं आणि शिपायालाच म्हणाले, "उजवीकडून किंचित वर घ्या." आणि त्या शिपायाने, का कुणास ठाऊक, घेतली. दाखला मात्र त्या दिवशी मिळाला नाही.

कौतुक हा प्रकार त्यांच्या गावी नव्हता. दिवाळीत मी नवी साडी नेसून आले तर म्हणाले, "निरी एक कमी हवी होती." मी त्या दिवशी त्यांच्याशी बोललेच नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

आता त्यांच्या इंग्रजीबद्दल. इंग्रजीत क्रियापदाला शेपूट लावायची एक पद्धत आहे. साधं 'डू' असतं, त्याला 'अप' जोडलं की नटवणं-सजवणं होतं. 'टेक' ला 'इन' जोडलं की कपडा आतून दुमडून तंग करणं. अशी हजारो आहेत म्हणतात. सरांना त्यातली फक्त नटण्यासजण्याची प्रिय होती. ड्रेस अप, डेक आउट, स्प्रूस अप, पुट ऑन, लेट आउट. वर्षातला निम्मा वेळ ते तीच घोटून घेत. मुख्याध्यापक वैतागत. "अहो सर, पोर्शन राहिलाय." सर शांतपणे म्हणत, "बाकीचं इंग्रजी पुस्तकात आहे, ते कुठे पळून जात नाही." एकदा मीही विचारलं, या पोरांना याचा उपयोग काय? तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, खाण्याची, उचलण्याची, ओढण्याची क्रियापदं ही मुलं ठाण्या-मुंबईला कामाला गेली की मुकादम शिकवेल. नटण्याची कोण शिकवणार?" मला ते तेव्हा पटलं नाही. पण डोक्यातून गेलंही नाही.

शिकवायची पद्धतही अशी की हाताने केल्याशिवाय शब्द फळ्यावर येत नसे. शाळेला गणवेश यायचे ते अशा मापाचे की जगातल्या कुठल्याच मुलाला बसू नयेत. मग सरांचा तास म्हणजे शिवणकाम. अख्खा वर्ग जमिनीवर मांडी घालून, सुईदोरा घेऊन, सदरे 'टेक इन' करतोय आणि उंच मुलींचे परकर दुमड उसवून 'लेट आउट' होताहेत. माझा वसतिगृहातला निम्मा भार त्यांनी परस्पर उचलला, म्हणून मी मुख्याध्यापकांकडे कधी तक्रार केली नाही. परीक्षेत मात्र गंमत व्हायची. निबंध 'माझे गाव' असो की 'दवाखान्याला भेट', पहिलं वाक्य ठरलेलं, मी ड्रेस अप केलं आणि निघालो. एका मुलाने तर दवाखान्यातल्या रुग्णालाही स्प्रूस अप करून टाकलं होतं.

गुरुवारी मधल्या सुट्टीनंतर आठवीचा तास असे, तो खास. त्या तासाला एका माणसाला खुर्चीत बसवून मुलं नटवायची, आणि नटवताना जे जे करतील ते इंग्रजीत म्हणायचं. पूर्वी सर वर्गातल्याच एखाद्या मुलाला पुढे बसवत. एकदा एका मुलाला मुलींनी टिकली लावून बांगड्या घातल्या आणि बाकीच्यांनी त्याला इतकं छळलं की तो कुणाला न सांगता डोंगर चढून घरी निघून गेला. सर त्याच्या पाड्यावर गेले, त्याच्या आईच्या हातची नाचणीची भाकरी खाल्ली आणि त्याला घेऊन परत आले. तेव्हापासून खुर्चीत स्वतः सर बसू लागले. कोटावर हार, कानामागे कुड्याची फुलं, कपाळाला मुंडावळ्या. पिकल्या मिशांचा माणूस दर गुरुवारी असा नवरदेव होऊन बसलेला असायचा, आणि पोरं भोवती पिना, दोरे, कागदाची फुलं घेऊन भांडत असायची.

स्टाफरूममध्ये याची थट्टा होणारच. "सर गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेत, फक्त जागा चुकलीय," असं गणिताचे शिक्षक म्हणायचे आणि आम्ही सगळे हसायचो. एकदा जव्हारहून एक साहेब तपासणीला आले, नेमके गुरुवारी. दारात उभे राहून म्हणाले, "हे काय चाललंय?" सर उठले नाहीत, कारण उठले असते तर हार घसरला असता. बसल्या जागेवरून म्हणाले, "इंग्रजी चाललंय सर. मला सजवलं जातंय." आणि वर्ग एका सुरात ओरडला, "वुई आर डेकिंग हिम आउट!" साहेबांनी पुढे काही विचारलं नाही. बाहेर आल्यावर मुख्याध्यापकांना म्हणाले, मुलं बोलतात तरी. तेवढ्यावर आमची सुटका झाली.

सरांची आठवण निघाली की माझ्या मनात बुधीमावशी येते, तेव्हा तिचं सांगितलं पाहिजे.

बुधीमावशी आमच्या शाळेत स्वयंपाक करायची. बारीक अंगाची, तोंडाने कमी आणि हाताने फार. नवरा देवजी पावसाळ्यात भात लावायचा आणि दिवाळीनंतर वसईकडे वीटभट्टीवर जायचा. मुलगी मनीषा आमच्याच शाळेतून दहावी झालेली, जव्हारला एका कापडदुकानात कामाला होती. तिचं साखरशेतच्या एका मुलाशी जमलं होतं. मुलगा चांगला, घरची थोडी शेती, सगळं ठीक होतं.

आमच्या डोंगरातली एक रीत बाहेरच्या माणसाला समजावून सांगावी लागते. दोघांचं जमलं, थोरांनी मान डोलावली, की मुलगी नांदायला जाते. लग्न मागे राहतं. लग्न म्हणजे मांडव, सगळ्या पाड्याला जेवण, विधी चालवणारी आणि गाणी म्हणणारी धवलेरी. ते जमेल तेव्हा करायचं. मुलं होतात, मुलं शाळेत जातात, आणि लग्न तसंच बाकी असतं. पाड्यावर कुणाला यात वावगं वाटत नाही. मात्र ज्या बाईचं लग्न लागलेलं नाही ती सवाशीण नव्हे, म्हणून दुसऱ्याच्या लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक लिहायला तिला बोलावत नाहीत. आणि मुलांचं लग्न करायचं तर आधी आईबापाचं उरकावं लागतं. एकाच मांडवात आधी आई नवरी आणि मग लेक नवरी, असं मी लहानपणापासून पाहत आलेय.

बुधीमावशीचं लग्न बाकी होतं. शाळेत हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं. ते तिने कामाला लागताना मोखाड्याच्या बाजारातून स्वतःच घेतलं होतं. पाड्यावर तिला कुणी विचारणार नव्हतं. विचारणारे आम्ही होतो, शिकले-सवरलेले मास्तर आणि बाया.

हे मला मनीषाने सांगितलं. मार्च महिन्यात ती एकदा जव्हारहून मुद्दाम आली, माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि रडायलाच लागली. साखरशेतच्या लोकांचा निरोप होता, पावसाआधी तुझ्या आईबापाचं लग्न होत असेल तर आपण लग्न लावू, नाहीतर तू तशीच नांदायला ये, लग्नाचं पुढे कधीतरी बघू. बाप तयार होता. आई नाही म्हणत होती. "पुढे कधीतरी म्हणजे कधी, बाई?" मनीषा म्हणाली. "माझ्या आईसारखं माझी पोरं मोठी झाल्यावर? मना हळद लावून जायचंय. तुम्ही आईला सांगा ना."

मी स्वयंपाकघरात गेले. बुधीमावशी भाकऱ्या थापत होती. मी विषय काढला तशी तिचा हात थांबला, पण तिने मान वर केली नाही.

"मना लाज वाटं, बाई. इतकी वरसं पोरांनी माझ्या हातचं खाल्लं. आथा मना बाशिंग बांधलेली बघतील."

"अगं, तुझ्या पाड्यात कुणी हसतं का?"

"पाड्यात नाय हसत. हितं हसतील."

 ती खरं बोलत होती. आमच्या स्टाफरूममध्ये बाशिंगावर काय हशा पिकतो ते तिला चहा आणून देताना ऐकू येतच होतं. मला फार वाईट वाटलं. लेकीवर जीव टाकणारी बाई, आणि तिची वाट अडली होती ती आमच्यापाशी.

संध्याकाळी मी हे सगळं सरांना सांगितलं. खरं तर कुणाला तरी सांगायचं म्हणून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "इकडे बाशिंग कशाचं करतात?"

मी भडकलेच. "सर, इथे एका पोरीचं लग्न अडलंय आणि तुम्हाला तुमच्या तासाचं सुचतंय!"

"लग्न अडलंय म्हणूनच विचारतोय," ते म्हणाले आणि कोट झटकून निघून गेले.

पुढच्या गुरुवारी आठवीच्या मुलींनी कुठूनतरी रंगीत कागदाचं बाशिंग पैदा केलं. वर्गाची खिडकी स्वयंपाकघरासमोरच. बुधीमावशी दारात बसून तांदूळ निवडत होती. मी हजेरी घ्यायच्या निमित्ताने व्हरांड्यात उभी होते. सरांच्या गालांना हळद फासलेली, गळ्यात हार, आणि बाशिंग असं बांधलेलं की ते एका कानावर आलं होतं. सरळ रेषेसाठी जीव टाकणारा माणूस ते वाकडं बाशिंग घेऊन मुकाट बसला होता. मला तेव्हाच संशय आला.

मावशीने एकदा बघितलं, मान खाली घातली, परत बघितलं. शेवटी सरांनीच खिडकीतून हाक मारली. "मावशी, हे असंच असतं का हो?"

"नाय सर. कानावर नाय येत ते."

"मग कुठे येतं?"

"कपालावर."

"मुलींना येत नाही. जरा दाखवता?"

ती हात पुसत आली. तिने बाशिंग सोडलं, दोरा जिभेने ओला केला आणि सरांच्या कपाळावर नीट बांधलं. मुली माना लांब करून बघत होत्या. सर म्हणाले, "मागची गाठ कशी येते ते मला दिसत नाही. मला ती बघायची आहे." त्यांनी बाशिंग काढलं, खुर्चीतून उठले आणि खुर्ची रिकामी करून उभे राहिले. "तुम्ही बसा."

बुधीमावशीने हात पुन्हा पदराला पुसले. तिने माझ्याकडे बघितलं. मी काय करणार, मीही तिच्याकडे बघत राहिले. ती बसली, तीही खुर्चीच्या काठावर, उठायच्या तयारीत. तोवर मुलींनी तिला घेरलं होतं. एकीने वेणी उचलली, एकीने बाशिंग धरलं, तिसरी पिनांसाठी भांडत होती. 'डू अप', 'पुट ऑन', नेहमीची बडबड चालू. आणि मी हशाची वाट बघत होते, तो काही आला नाही.

मग माझ्या लक्षात आलं. या मुलींचं हसू केव्हाच संपलं होतं. वर्षभर त्यांनी एका मोठ्या माणसाला दर गुरुवारी नटवलं होतं. पहिल्या दिवशी त्या पोट धरधरून हसल्या असतील. आता वयस्क माणसाच्या कपाळावरचं बाशिंग म्हणजे त्यांना शाळेच्या घंटेइतकं रोजचं झालं होतं.

"माझं लगीन बाकी हाय," बुधीमावशी म्हणाली. कुणाला उद्देशून नाही, अशीच.

दातांत पिन धरलेली मुलगी म्हणाली, "माझ्या आयचं पण."

"माझ्या आजीचं मागल्या उन्हाल्यात झालं," दुसरी म्हणाली. "आजा रुसला व्हता. त्याला नवी घोंगडी नाय दिली."

यावर मात्र सगळा वर्ग हसला, त्या आजोबाला. बुधीमावशीही हसली. हसता हसता तिने डोळे पुसले आणि खुर्चीत मागे टेकून बसली.

सर तिच्या मागे उभे राहून गाठ तपासत होते. "गाठ बरी आहे. मांडव कधी?"

"बघू सर. यांना भट्टीवरनं बोलवाय लागंल."

"बोलवा. पण मावशी, ब्लाउज खांद्यावरून उतरतोय. टेक इन करावा लागेल." आणि वळून त्यांनी तो शब्द फळ्यावर लिहिला. मुलींनी वहीत उतरवून घेतला.

लग्न एप्रिलमध्ये झालं. एकाच मांडवात, एकाच चौकासमोर, आधी आईचं आणि मग लेकीचं. आमची अख्खी शाळा गेली होती. देवजी नव्या शर्टात आला होता, त्यावर दुकानाचं स्टिकर तसंच होतं. सरांनी ते हलकेच काढून खिशात टाकलं. मग मांडवाचं आंब्याच्या पानांचं तोरण एका बाजूला उतरलं होतं, ते सरळ करायला शिडीवर चढले. पाड्यावरची म्हातारी माणसं त्यांना "सर, बसा हो" म्हणून विनवत होती. गणिताचे शिक्षक जेवायला वाढत होते. बुधीमावशी पिवळ्या लुगड्यात बसली होती, बाशिंग अगदी कपाळावर. तिचा ब्लाउज अंगासरशी बसला होता. आठवीच्या मुलींनी तो शिवला होता आणि त्या ते येईल-जाईल त्याला सांगत होत्या. मनीषा हळद लावून साखरशेतला गेली. मला त्या दिवशी फार बरं वाटलं, आणि सरांना मी ते सांगितलंही. ते म्हणाले, "तोरणाच्या गाठी दोऱ्याच्या होत्या. वाखाच्या दोरीच्या हव्या होत्या."

पुढे ते निवृत्त होऊन गावी गेले. माझी बदली जव्हारला झाली. अधूनमधून त्यांचा फोन येतो. बोलतात थोडं, माणूस काही बदललेला नाही.

पण माझ्या लक्षात राहिली आहे ती लग्नानंतरची एक सकाळ. शाळा उन्हाळ्यासाठी बंद व्हायला थोडे दिवस उरले होते. तांदूळ चुलीवर चढायची वेळ आणि बुधीमावशी माझ्यासमोर येऊन उभी राहिली, लग्नातलं पिवळं लुगडं नेसून.

"बाई, मी जाते."

"कुठे?"

"शेजारच्या पाड्यात लगीन हाय. चौक लिवाय सवाशीण कमी पडतंय. मना सांगावा आलाय."

"अगं, आणि पोरांचं जेवण?"

"तुम्ही बघा," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत तिने मला 'तुम्ही बघा' असं कधी म्हटलं नव्हतं. मी होकार द्यायच्या आत ती फाटकाबाहेर पडलीसुद्धा. पाऊलवाटेने भराभर चालत होती. मी व्हरांड्यातून बघत राहिले.

जेवण आम्हीच केलं. आम्ही म्हणजे मी आणि सर, कारण बाकीच्यांचे तास होते. त्या मोठ्या पातेल्यातली खिचडी ढवळायला दोन्ही हात लागतात. सरांनी कोट काढून ठेवला आणि उलथन्याशी झटापट केली. खिचडी खालून लागली ती लागलीच. जेवणाच्या घंटेला ताटं घेऊन रांग लागली. सर वाढत होते. आठवीतल्या एका मुलीने ताटात वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"सर, खिचडी करपलीय. मावशी कठं गेलीय?"

"चौक लिहायला."

"मग कधी येईल?"

"सवाशिणीला मध्येच उठता येत नाही," सर म्हणाले. "चौक पुरा झाला की येईल."

मुलीने मान डोलावली आणि ताट पुढे केलं.